मेक्सिकन पटकथाकार, प्रेमात पडलेले हेर आणि लॅटिनो नायक : हे गणित जमत का नाही?

सांजवात (धागाकर्ती)

पटकथालेखनाचा थोडाफार अभ्यास करणाऱ्या कोणालाही मेक्सिकोच्या गियेर्मो अरियागा यांच्या नावाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. १९५८ साली मेक्सिको सिटीत जन्मलेला, तेराव्या वर्षी रस्त्यावरच्या मारामारीत घ्राणशक्ती गमावून बसलेला आणि शिकारीचे वेड जपणारा हा कादंबरीकार २००० साली 'आमोरेस पेरोस' लिहून जगापुढे आला. त्यापाठोपाठ '२१ ग्रॅम्स' (२००३) आणि 'बेबेल' (२००६) आले. त्या दोहोंच्या मध्ये टॉमी ली जोन्स यांच्यासाठी लिहिलेल्या 'द थ्री बरिअल्स ऑफ मेल्कियादेस एस्त्रादा'ला २००५ च्या कान महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला. स्वतःला 'पटकथाकार' म्हणवून घेणे मात्र त्यांना रुचत नाही. आपण लेखक आहोत आणि पडद्यासाठी लिहिलेले तेही साहित्यच आहे, असा त्यांचा आग्रह असतो.

त्यांचे चित्रपट ओळीने पाहताना एक गोष्ट माझ्या मनात घोळत राहिली. स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'द बर्निंग प्लेन'मध्ये (२००८) त्यांची नायिका आपले पूर्वायुष्य पुसून, दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच नावाने जगते. लपवलेली ओळख, दुहेरी निष्ठा, चुकीच्या माणसावर जडलेले प्रेम आणि त्यातून येणारा अपराधभाव हा सगळा हेरकथेचाच कच्चा माल आहे, आणि तरीही हा लेखक त्या वाटेला गेलेला नाही. तो एकटाच नव्हे. जिथे नायक आणि नायिका दोघेही लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे) आहेत, हेर आहेत आणि एकमेकांच्या प्रेमात आहेत, असे चित्रपट आठवायला बसले की हाताची बोटे उरतात. लिहिणारे नाहीत, पैसे लावणारे नाहीत, की त्या समाजाला हेर हा नायक वाटतच नाही? माझा कल या तिघांपैकी दुसऱ्या कारणाकडे आहे, परंतु जाणकारांनी आपले मत मांडावे.

तिरकस

आपण नियम विसरलात. हॉलिवूडच्या हेरपटात पात्राचे आडनाव गोन्सालेस असेल, तर ते पहिल्या पंधरा मिनिटांत खलनायकाच्या हवेलीच्या फाटकावर बंदूक घेऊन उभे असते आणि विसाव्या मिनिटाला तलावात पडते. प्रेम करण्याइतका वेळ त्याला मिळणार कुठून?

ऑस्टिनकर

तिरकस यांचा नियम मोडणारा चित्रपट आमच्याच गावी तयार झाला, म्हणून लिहितो. रॉबर्ट रॉड्रिगेझ यांच्या 'स्पाय किड्स'कडे (२००१) लोक मुलांचा खेळ म्हणून पाहतात, परंतु त्याची सुरुवात ही शुद्ध प्रेमकथा आहे. रात्री झोपताना मुलगी आईकडे नेहमीची गोष्ट मागते, आणि आई सांगू लागते की दोन शत्रुदेशांचे दोन हेर होते, त्यांना एकमेकांना ठार मारण्याची कामगिरी मिळाली आणि ते एकमेकांच्या प्रेमात पडले. मग समुद्राकाठच्या कड्यावर लग्न लागते, हेलिकॉप्टरे चाल करून येतात आणि नवरा-नवरी लग्नाच्याच पोशाखात कड्यावरून उडी घेतात. अंथरुणातल्या मुलीला हे आपल्याच आईवडिलांविषयी आहे याचा पत्ता नाही, प्रेक्षकाला मात्र आहे. प्रेम आणि हेरगिरी यांची इतकी नेटकी मोट मोठ्यांसाठीच्या चित्रपटांतही क्वचित बांधली जाते.

निर्मात्यांविषयी सांजवातताईंना जी शंका आहे, तिला रॉड्रिगेझ यांनीच दुजोरा दिलेला आहे. हे कुटुंब लॅटिनो कशासाठी हवे, सरळ अमेरिकन का दाखवत नाही, असे त्यांना विचारले गेले होते. ते अमेरिकनच आहेत आणि माझ्या कुटुंबावर बेतलेले आहेत, असे त्यांचे उत्तर होते. जेम्स बाँड आवडण्यासाठी प्रेक्षकाला ब्रिटिश असावे लागत नाही, हा त्यांचा पुढचा युक्तिवाद. वडिलांचे ग्रेगोरिओ हे नाव त्यांच्या एफबीआयमध्ये काम केलेल्या काकांचे आहे. सुमारे साडेतीन कोटी डॉलरच्या खर्चात तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरातून चौदा कोटींहून अधिक डॉलर मिळवले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली. तेव्हा पैसे लावणाऱ्याला तोटा झाला, असे तरी म्हणता येणार नाही.

रुक्मिणी_सु

उदाहरण चांगले आहे, परंतु त्यातील वडिलांची भूमिका करणारे आंतोनिओ बांदेरास हे स्पेनमधील मालागाचे आहेत, आणि आईच्या पात्राचे नाव इन्ग्रिड आहे. ज्यांच्या पूर्वजांनी वसाहती केल्या त्यांना वसाहतींतील लोकांच्या जागी उभे करून वर त्यालाच प्रतिनिधित्व म्हणायचे, हे मला पटत नाही. पेनेलोपे क्रूझ यांच्या बाबतीतही हेच घडते. 'द ३५५'मध्ये (२०२२) त्या कोलंबियन मानसोपचारतज्ज्ञ झालेल्या आहेत. क्यूबात जन्मलेल्या आना दे आर्मास यांना 'नो टाइम टू डाय'मध्ये (२०२१) मोजकी मिनिटे मिळाली आणि तेवढ्यात त्यांनी तो चित्रपट खिशात घातला. पुढे 'घोस्टेड'मध्ये (२०२३) त्या हेर-नायिका झाल्या, तर समोर ख्रिस एव्हान्स. म्हणजे धागाकर्तीची 'दोघेही लॅटिनो' ही अट पुन्हा अपुरीच राहिली.

ऑस्टिनकर

बांदेरास यांच्याविषयीचा आक्षेप मान्य, परंतु त्याच कथेत काका डॅनी ट्रेहो आहेत, आणि पुढील भागात आजोबांच्या भूमिकेत साक्षात रिकार्डो मॉन्टलबान येतात, जे जन्माने मेक्सिकन होते. लेखकाने घर कोणाचे उभे केले आहे तेही पाहावे, केवळ घराच्या मालकाचा जन्मदाखला पाहू नये.

भालचंद्र म.

चर्चा हॉलिवूडच्या अंगणातच फिरते आहे, म्हणून थोडे मेक्सिकोत जाऊन पाहू. धागाकर्तीने दिलेल्या तीन पर्यायांपैकी तिसराच मला खरा वाटतो. हेर नायक होण्यासाठी तो ज्या राज्यसंस्थेची चाकरी करतो तिच्यावर प्रेक्षकाचा थोडा तरी विश्वास असावा लागतो. मेक्सिकोत १९४७ साली स्थापन झालेली 'दिरेक्सिओन फेदेराल दे सेगुरिदाद' ही गुप्तचर संस्था विद्यार्थ्यांवर, कामगार संघटनांवर आणि पत्रकारांवर पाळत ठेवण्यासाठीच ओळखली गेली, आणि अमली पदार्थांच्या टोळ्यांशी तिचे लागेबांधे उघड झाल्यावर १९८५ साली ती गुंडाळावी लागली. त्याआधी, २ ऑक्टोबर १९६८ रोजी त्लातेलोल्को येथे विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, त्या काळातील सत्ताधारीच सीआयएच्या 'लिटेम्पो' नावाच्या गुप्त जाळ्यात होते, हे पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसते. ज्या देशात राष्ट्राध्यक्षच परक्या हेरखात्याच्या यादीत असतो, तिथे टक्सेडो घालून राष्ट्ररक्षण करणाऱ्या देखण्या हेरावर कोण विश्वास ठेवणार?

याच मातीतून राफाएल बेर्नाल यांची 'एल कोम्प्लो मोंगोल' ही कादंबरी १९६९ साली आली. बेर्नाल (१९१५–१९७२) यांनी कादंबऱ्या लिहिल्या, नाटके लिहिली, दूरचित्रवाणीसाठीही लिहिले, पुढे ते परराष्ट्र सेवेत गेले आणि स्वित्झर्लंडमध्ये वारले. कथा अशी की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मेक्सिको भेटीच्या तोंडावर, त्यांना मारण्याचा चिनी कट शिजतो आहे अशी कुणकुण थेट बाह्य मंगोलियातून लागते. चौकशीसाठी फिलिबेर्तो गार्सिया याला बोलावतात. साठीकडे झुकलेला हा माणूस क्रांतीच्या काळापासून वरिष्ठांच्या सांगण्यावरून खून पाडत आला आहे, आणि दर दोन वाक्यांमागे एक शिवी घातल्याशिवाय त्याला विचारच करता येत नाही. त्याच्या जोडीला एफबीआयचा एक आणि केजीबीचा एक माणूस देतात.

आणि मध्येच प्रेम येते. दोलोरेस रस्त्यावरच्या चिनी वस्तीतील मार्तीता ही तरुणी त्याच्या घरी आश्रयाला येते. आजवर बाईकडे हिशेबाने पाहत आलेला हा खुनी तिच्यापाशी अडखळतो. तिला हात लावणे उद्यावर ढकलतो, परवावर ढकलतो, आणि आपल्याला हे काय होते आहे म्हणून स्वतःवरच चरफडतो. तो कटाच्या मुळाशी पोहोचतो तेव्हा कट मंगोलियाचा नसून घरचाच आहे हे कळते, पण तोवर मार्तीता मारली गेलेली असते. शेवटी तिच्या मृतदेहाशेजारी बसलेला फिलिबेर्तो, दारुड्या वकील मित्राला प्रार्थनेचे शब्द म्हणायला सांगतो, कारण त्याला स्वतःला एकही प्रार्थना येत नाही. माझ्या मते लॅटिन अमेरिकेत प्रेमातल्या हेराची याहून अस्सल कथा नाही. तिच्यावर १९७७ आणि २०१९ असे दोनदा चित्रपट निघाले. दुसऱ्यात दामियान आल्कासार फिलिबेर्तो आहेत आणि मार्तीता आहेत बार्बरा मोरी.

अवधूत१९

बार्बरा मोरी म्हणजे 'काइट्स'मध्ये (२०१०) हृतिक रोशनसमोर होत्या त्याच का? तो चित्रपट मी चित्रपटगृहात पाहिला होता आणि मध्यंतरापर्यंत कोण कोणाच्या मागे का लागले आहे हे मला कळले नव्हते.

भालचंद्र म.

त्याच. मध्यंतरानंतरही कळले नसेल तर दोष आपला नाही.

तिरकस

भालचंद्ररावांनी १९७७ च्या चित्रपटातील नायकाचे नाव सांगितले नाही, आणि गंमत तर तिथेच आहे. फिलिबेर्तो झाले होते पेद्रो आर्मेन्दारिस धाकटे. त्यांचे वडील पेद्रो आर्मेन्दारिस, मेक्सिकन चित्रपटांच्या सुवर्णकाळातील पहिल्या फळीचे नायक, 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये (१९६३) बाँडचे इस्तंबूलमधील तुर्की साथीदार होते. आपल्या देशात नायक, बाँडपटात तुर्की, आणि तेही अर्ध्यावर मरण्यासाठी! चित्रीकरणाच्या वेळी ते कर्करोगाने जर्जर होते आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे चिरंजीवही बाँडपटात आले. 'लायसन्स टू किल'चे (१९८९) चित्रीकरण मेक्सिकोतील चुरुबुस्को स्टुडिओत झाले, तेव्हा त्यांना एका काल्पनिक देशाचे मिंधे राष्ट्राध्यक्ष केले गेले. त्याच चित्रपटात कोवळ्या वयाचे बेनिसिओ देल तोरो खलनायकाच्या पदरी आहेत. फाटकावरच्या गोन्सालेसचा माझा नियम पाहा कसा टिकून आहे.

वऱ्हाडी पाहुणा

विषयांतराची परवानगी असावी, कारण मेक्सिको आणि दुहेरी आयुष्य हे दोन शब्द एकत्र आले की आमच्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. गदर चळवळीत भाग घेतलेला हा मराठी क्रांतिकारक पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणमध्ये वेष पालटून इंग्रजांविरुद्ध लढला, आणि १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचून चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाला. मक्याच्या वाणांवर त्याने केलेल्या कामाची छायाचित्रे टीना मोदोत्ती यांनी काढली, आणि दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रात भाकरी वाटणाऱ्याच्या जागी खानखोजेच आहेत. तिथेच जेन सिंदिक या बेल्जियन तरुणीशी त्यांचा विवाह झाला. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. ब्रिटिशांचे हेर मागावर, खोटी नावे, परका देश, प्रेमविवाह आणि वर मका! यावर मेक्सिकन पटकथाकाराने लिहावे की मराठी, यावर वाद झाला तरी चालेल, लिहावे कोणीतरी.

अवधूत१९

मक्याला नायक करून चित्रपट काढायचा तर निर्माता मात्र विदर्भातलाच शोधावा लागेल. बाकी विषयांतर क्षम्य आहे.

रुक्मिणी_सु

भालचंद्र म. यांचे विवेचन आवडले, परंतु त्यात स्त्रीच्या बाजूने पाहिलेले नाही. मेक्सिकोच्या भूमीवरील सर्वांत गाजलेली 'हेराची प्रेमकथा' ही मुळात फसवणूक आहे. ब्रुकलिनची सिल्विया एजलॉफ ही मेक्सिकोत आश्रय घेतलेल्या रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीच्या अनुयायांपैकी. सोव्हिएत हेर रामोन मेर्काडेर याने १९३८ साली पॅरिसमध्ये खोट्या नावाने तिच्याशी प्रेमाचे नाटक केले आणि तिच्या ओळखीवर कोयोआकानमधील ट्रॉट्स्कीच्या घराचे दार उघडून घेतले. २० ऑगस्ट १९४० रोजी त्याने बर्फ फोडण्याच्या कुदळीने वार केला. 'एल एलेहिदो' (२०१६) या चित्रपटात ही कथा आली आहे आणि मेर्काडेरच्या भूमिकेत मेक्सिकोचे आल्फोन्सो एरेरा आहेत. येथे मात्र उलटा न्याय झालेला दिसतो, कारण मूळ खुनी स्पॅनिश होता आणि नट मेक्सिकन आहे.

क्यूबाचे उदाहरण तर आणखी कडवट आहे. मायामीत पळून आलेला वैमानिक म्हणून मिरवणाऱ्या हुआन पाब्लो रोके याने तिथल्या एका स्त्रीशी थाटात लग्न केले, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये एके दिवशी तिला न सांगता तो हवानाला परतला. तो क्यूबाचाच हेर होता. मायामीतील कशाची उणीव भासेल, असे दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत विचारले असता त्याने आपल्या जीप चेरोकीचे नाव घेतले. पत्नीने पुढे क्यूबा सरकारवर फ्लोरिडाच्या न्यायालयात दावा लावला आणि जिंकला. 'वास्प नेटवर्क'मध्ये (२०१९) हे दांपत्य वाग्नेर मौरा आणि आना दे आर्मास यांनी उभे केले आहे. दुसरे जोडपे एद्गार रामिरेस आणि पेनेलोपे क्रूझ यांचे. त्यात हवानामध्ये राहिलेली बायको वर्षानुवर्षे देशद्रोह्याची बायको म्हणून टोमणे सोसते, कारण नवऱ्याचे खरे काम तिलाही ठाऊक नाही. या कथांना प्रणयपट म्हणायचे तर प्रणयाचा खर्च कोणी भरला, तेही विचारायला हवे.

माजघर

रुक्मिणीताई, 'वास्प नेटवर्क'ची पटकथा ऑलिव्हिए असायास या फ्रेंच दिग्दर्शकाची आहे. व्हेनेझुएला, ब्राझील, क्यूबा आणि मेक्सिको येथील नट एकत्र आले आणि लेखणी पॅरिसची. धागाकर्तीचा प्रश्न पटकथाकाराचा होता, म्हणून लक्षात आणून देते.

मला दिएगो लूना यांच्याविषयी बोलायचे आहे. 'अँडॉर' या 'स्टार वॉर्स' विश्वातील मालिकेची (२०२२–२०२५) गोष्ट अंतराळात घडत असली तरी तो निखळ हेरपट आहे. बंडखोरांचा एक गुप्तहेर, त्याचे खबरे, त्याची खोटी नावे आणि बिक्सवरचे त्याचे प्रेम. कॅसियन झालेले लूना मेक्सिकन, तर बिक्स झालेल्या आद्रिया आर्होना यांचा जन्म पोर्तो रिकोचा आणि वडील ग्वातेमालाचे. दोघेही लॅटिनो ही अट येथे पुरी होते. याच पात्राच्या 'रोग वन'नंतर (२०१६) एका मुलीने लिहिले होते की तिने आपल्या मेक्सिकन वडिलांना तो चित्रपट दाखवला, आणि नायक आपल्यासारख्याच उच्चारांत इंग्रजी बोलतो आहे, त्याने ते बदललेले नाहीत, याचेच त्यांना अप्रूप वाटले. लूना यांनी ते टिपण स्वतः सर्वांसमोर ठेवले होते.

दुसरे असे, की मान्वेल पुईग या अर्जेंटिनाच्या लेखकाची 'किस ऑफ द स्पायडर वुमन' कोणीच कशी घेतली नाही? तुरुंगाच्या एका कोठडीत मोलिनाला क्रांतिकारक व्हॅलेन्तीनची गुपिते काढण्यासाठी ठेवले जाते, आणि खबऱ्याच त्याच्या प्रेमात पडतो. हेरगिरीत याहून मोठा पेच कोणता? १९८५ च्या चित्रपटात व्हॅलेन्तीन पोर्तो रिकोचे राउल हुलिया होते; २०२५ च्या संगीतमय आवृत्तीत ती भूमिका पुन्हा लूना यांच्याकडे आली.

तिरकस

अंतराळात जाऊनच लॅटिनो हेराला प्रेम करण्यास सवड मिळाली, याची नोंद घ्यावी.

अवधूत१९

भालचंद्ररावांच्या सिद्धान्ताला माझा एक आक्षेप आहे. राज्यसंस्थेवर विश्वास नसल्यामुळे मेक्सिकोत हेर नायक होत नाही, हे खरे असेल, तर 'सांतो एन ओपेरासिओन ६७' (१९६७) कसा निघाला? चंदेरी मुखवटा घातलेला कुस्तीगीर सांतो आणि देखणा होर्हे रिव्हेरो हे त्यात इंटरपोलचे हेर आहेत. रिव्हेरोच्या वाट्याला सुंदरी येतात, सांतोच्या वाट्याला मारामाऱ्या येतात, आणि मुखवटा तर चुंबन घेतानाही उतरत नाही. लोकांनी असले चित्रपट डोक्यावर घेतले. त्लातेलोल्को त्याच्या दुसऱ्याच वर्षी झाले. लोकांना मजा हवी असते. सरकार कसे आहे हे ते तिकीट काढताना पाहत नाहीत.

भालचंद्र म.

आक्षेप रास्त आहे, पण सांतो कोणत्या खात्याचा पगार घेतो ते पाहा. तो मेक्सिकन सरकारचा नाही, परदेशी नावाच्या इंटरपोलचा आहे, आणि मुळात तो कुस्तीच्या आखाड्याचा, म्हणजे लोकांचा माणूस आहे. 'स्पाय किड्स'मधील ग्रेगोरिओ कोर्तेसची निष्ठाही शेवटी खात्यापेक्षा कुटुंबावर आहे, कॅसियन राज्याविरुद्ध बंड करतो आणि मोलिना तुरुंगाधिकाऱ्यांना फसवतो. वाग्नेर मौरा यांना २०२५ च्या कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळवून देणाऱ्या ब्राझीलच्या चित्रपटाचे नाव 'द सीक्रेट एजंट' आहे, आणि तो १९७७ च्या रेसिफेमध्ये लपून राहणाऱ्या माणसाची कथा सांगतो. येथे कोणीच सरकारच्या बाजूने प्रेम करत नाही.

आणि सरकारला हेरपटाचे मोल कळत नाही असेही नाही. 'स्पेक्टर'च्या (२०१५) प्रारंभी मेक्सिको सिटीत मृतांच्या दिवसाची जी भव्य मिरवणूक आहे, तशी मिरवणूक तिथे निघतच नसे. चित्रपट पाहून शहराने २०१६ पासून ती काढायला सुरुवात केली. त्या प्रसंगात बाँडसोबत आहेत स्तेफानी सिगमान, ज्यांनी 'मिस बाला'मध्ये (२०११) टोळी आणि पोलीस यांच्यामध्ये भरडली जाणारी तरुणी अख्खा चित्रपटभर पेलली होती. येथे त्यांच्या वाट्याला हॉटेलची खोली आली आणि 'लवकर येतो' असे सांगून खिडकीबाहेर पडणारा नायक.

सांजवात

सर्वांचे आभार. पैसे लावणाऱ्यांकडे असलेला माझा कल 'स्पाय किड्स'च्या किश्शाने पक्का झाला आणि भालचंद्ररावांच्या प्रतिसादाने बराच हलला. माजघर यांनी लेखणीचा मुद्दा काढला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून पुन्हा अरियागांकडे येते.

'बेबेल'च्या वेळी अरियागा आणि दिग्दर्शक अलेहांद्रो गोन्सालेस इन्यारितू यांच्यात श्रेयावरून जी फूट पडली, ती जगजाहीर आहे. २००६ मध्ये कानला दिग्दर्शनाचा पुरस्कार इन्यारितूंना मिळाला, आणि पुढच्या वर्षी एका मेक्सिकन मासिकात दिग्दर्शक व सहकाऱ्यांच्या सह्यांचे खुले पत्र आले, ज्यात चित्रपट एकट्याचा मानण्याच्या अरियागांच्या हट्टाला दूषणे दिली होती. त्यानंतर दोघांनी एकत्र काम केले नाही. २०१४ ते २०१९ या सहा वर्षांत दिग्दर्शनाचे पाच ऑस्कर अल्फोन्सो क्वारोन, इन्यारितू आणि गियेर्मो देल तोरो या मेक्सिकनांनी नेले. अरियागा मात्र कादंबरीकडे वळले आणि २०२० मध्ये 'साल्वार एल फ्वेगो'साठी त्यांना आल्फाग्वारा पुरस्कार मिळाला. त्यांची पटकथा आता त्यांचीच मुले पडद्यावर आणतात. 'आ सिएलो आबिएर्तो' (२०२३) मारियाना आणि सांतियागो अरियागा यांनी दिग्दर्शित केला आहे.

हॉलिवूडने मेक्सिकोतून दिग्दर्शक उचलले, नट उचलले, मिरवणूकसुद्धा उचलली. लेखक मात्र क्वचितच उचलला. हेरपटाचा दर्जा तर पटकथेवरच ठरतो, कोणाला काय माहीत आहे आणि केव्हा कळते यावरच त्याचा डोलारा उभा असतो. काळाचे तुकडे पाडून वाचकाला आधी परिणाम आणि मग कारण दाखवण्यात हातखंडा असलेल्या लेखकाकडे कोणी हेराची प्रेमकथा मागितली नाही, याचा मला राहून राहून विस्मय वाटतो.

ऑस्टिनकर

श्रेयाचा विषय निघालाच आहे तर रॉड्रिगेझ यांचेही सांगतो. 'सिन सिटी'च्या वेळी मूळ चित्रकथाकार फ्रँक मिलर यांना सहदिग्दर्शकाचे श्रेय देण्यास दिग्दर्शकांच्या संघटनेने हरकत घेतली, तेव्हा २००४ साली त्यांनी संघटनेचा राजीनामा दिला आणि श्रेय दिलेच. लिहिणाऱ्याला बरोबरीने बसवणारा दिग्दर्शक असू शकतो. तो टेक्सासमध्ये बसून लिहितो, छायाचित्रण करतो, संकलन करतो आणि संगीतही देतो, त्यामुळे त्याच्याशी भांडायला दुसरा लेखक उरतच नाही, हे वेगळे.

रुक्मिणी_सु

सांजवात, विस्मय कशाचा? अरियागांकडे मागितली असती तर त्यांनी सिल्विया एजलॉफची कथा तिच्या बाजूने आणि शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिली असती, आणि निर्मात्याने पहिल्याच बैठकीत विचारले असते की ती लॅटिनो नसून ब्रुकलिनची आहे, मग तुम्ही कशासाठी? 'तुमच्या लोकांविषयी लिहा' ही सूचना तिथल्या लेखकाला हात बांधूनच मिळते. आपण मात्र त्याच्याकडून लॅटिनो नायक-नायिकांचीच अपेक्षा धरून बसलो आहोत, याचाही विचार व्हावा.

वऱ्हाडी पाहुणा

या न्यायाने खानखोज्यांवर अरियागांनीच लिहायला हवे. मक्याची व्यवस्था मी करतो.